तास कुणाचे मोजायचे?



गेल्या वर्षी जुलैमध्ये कॉलेजच्या पंधरा-सोळा मुलामुलींचा एक गट आमच्या कचेरीत आला. प्रत्येकाच्या हातात एक छापील तक्ता होता. तारीख, वेळ, केलेलं काम, संस्थेची सही. सत्रात तीस तास भरले की एक श्रेयांक, म्हणजे मुलांच्या तोंडी ‘क्रेडिट’. मी त्यांना संघटनेचं काम समजावून सांगितलं आणि काही शंका आहेत का म्हणून विचारलं. मागच्या बाजूला बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. “मॅडम, माझी आजी अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं सगळं मीच करते. ते तास यात धरता येतील का?”

सगळी मुलं हसली. मीही हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि माझं हसू आवरलं. तिनं गंमत केली नव्हती. आणखी तीस तास आणायचे कुठून, हा तिचा खरोखरचा प्रश्न होता.

मी तिला ‘नाही’ म्हणून सांगितलं. नियमानं ते उत्तर बरोबरच होतं. पण ते देऊन झाल्यावर माझं समाधान झालं नाही, आणि अजून झालेलं नाही. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे. असे तक्ते घेऊन येणारी मुलं आता आपल्यापैकी बहुतेकींच्या दारात उभी राहणार आहेत.

शिकणाऱ्या मुलांनी समाजासाठी काही काम करावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची शिफारस केली. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं त्याच्या पुढे जाऊन, कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांना आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा असावी असं सुचवलं. के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून १९६० साली सक्ती नको, सेवा ऐच्छिकच असू द्या, असं मत दिलं. कोठारी आयोगानं (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेला जागा मागितली. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा तिच्यात ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, हा तिचा सांगाडा. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे ब्रीद. आपल्यातल्या कितीतरी जणींनी पहिल्यांदा घराबाहेरचं जग पाहिलं ते याच शिबिरांमधून. मीही त्यांच्यातलीच.

आता बदल झाला आहे तो असा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात समाजातलं काम आणि क्षेत्रकार्य श्रेयांकात मोजलं गेलं. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाचा अभ्यासक्रम आला. पूर्वी जे मनावर होतं ते गुणपत्रिकेत जाऊन बसलं.

हे सगळं वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. ऐच्छिक सेवेचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. ऐच्छिक काम करायला आधी रिकामा वेळ लागतो, आणि मुलीला तर घरची परवानगीही लागते. माझ्या वेळी शिबिराला येणाऱ्या मुली बहुतेक मास्तरांच्या नाहीतर बँकवाल्यांच्या घरच्या असत. कॉलेज सुटल्यावर आईबरोबर चार घरची धुणीभांडी करणारी मुलगी सेवा योजनेत नाव घालायची नाही. दिवेलागणीच्या आत जिला घरी पोचावंच लागे, तीही घालायची नाही. आज तीच मुलगी घरी सांगू शकते, ‘आई, हे परीक्षेचं आहे, जावंच लागेल.’ मुलीच्या घराबाहेर पडण्याला अभ्यासक्रमाचा आधार मिळतो, ही आपल्या दृष्टीनं लहान गोष्ट नाही.

पण तास भरले म्हणजे शिक्षण झालं, असं मात्र नाही. आमचा एक अनुभव सांगते. त्यात चूक आमची होती, म्हणून तो सांगायलाच हवा.

आमच्या एका वस्तीत दर बुधवारी दुपारी बायकांची बैठक भरते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचं शिबिर त्या वस्तीजवळ होतं. त्यांना कौटुंबिक हिंसाचाराची पाहणी करायची होती. विषय आपला, मुलं उत्साही, प्राध्यापक तळमळीचे. आम्ही गल्ल्यांची यादी दिली, तासभर माहिती सांगितली आणि मोकळ्या झालो. दोन दिवसांत चाळीस मुलांनी दोनशेच्या वर घरं केली. एका घराच्या उंबऱ्याशी उभं राहून एका मुलीनं कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला: तुमचे पती तुम्हाला मारहाण करतात का? आत सासू तांदूळ निवडत बसली होती. बाई ‘नाही’ म्हणाली. मुलीनं ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि ती पुढच्या दाराशी गेली.

ती बाई आमच्या बैठकीला यायची. चार महिने नुसती ऐकत बसली होती आणि नुकती कुठे बोलायला लागली होती. पाहणीनंतर ती यायची बंद झाली. ‘तूच बाहेर जाऊन घरातलं सांगतेस, म्हणून वह्या घेऊन पोरी दारात आल्या,’ असं म्हणत त्या रात्री नवऱ्यानं तिला मारलं होतं. हे आम्हाला कळलं ते दिवाळीनंतर, शेजारणीकडून. तोवर पाहणीचा अहवाल टाइप होऊन, बांधूनसुद्धा झाला होता. त्या वस्तीत हिंसाचाराचं प्रमाण ‘अल्प’ असल्याचं त्यात लिहिलं होतं. मुलांचे तास भरले होते. तक्त्यांवर सही माझी होती.

त्या मुलीला मी दोष देत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला आम्ही तासाभराच्या शिकवणीवर त्या उंबऱ्याशी उभं केलं होतं. समाजकार्याच्या शिक्षणात या गोष्टीचा विचार फार आधी झालेला आहे. मुंबईत १९३६ साली टाटांच्या नावानं जी संस्था सुरू झाली, तिथपासून या शिक्षणात क्षेत्रकार्य हा कणा मानला गेला. विद्यार्थी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जातो, कामाची नोंद लिहितो आणि त्या नोंदीवर मार्गदर्शक त्याच्याशी बसून बोलतो. याच संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात बसून प्रशिक्षित कार्यकर्ती बाईचं म्हणणं आधी ऐकून घेते. पुढे राज्य सरकारनं हे काम इतर जिल्ह्यांत नेलं. बाईला काय विचारायचं, कुणाच्या देखत विचारायचं नाही, आणि केव्हा काहीच न विचारता नुसतं बसायचं, हे शिकायला तिथे वर्षं घालवावी लागतात.

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला आपण ते एका सत्रात शिकवू शकत नाही. मग त्याला त्या प्रश्नासाठी पाठवायचंच नाही. त्याच्या हातात देण्यासारखी दुसरी कामं आपल्याकडे पुष्कळ आहेत. असाच एक मुलगा बचत गटाच्या वह्या तपासायला आमच्याकडे आला होता. त्याला आम्ही संजय गांधी निराधार योजनेच्या एका अर्जामागे लावलं. विधवा बाईचा अर्ज होता. तिच्याबरोबर त्यानं तहसील कचेरीत सहा खेपा घातल्या. कधी साहेब नाहीत, कधी दाखला जुना झाला. सहाव्या खेपेनंतर तो मला म्हणाला, “मॅडम, मला एसटीचं भाडं पडतं तेवढंच. तिचा दर खेपेला रोज बुडतो. योजनेतून मिळणार किती आणि बुडाले किती, याचा हिशेब मी मांडलाय.” असा हिशेब त्याला वर्गात कुणी घातला नव्हता. त्याच्या तक्त्यावर मी निःशंक मनानं सही केली.

आता आजीच्या नातीकडे परत येते.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार, स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम ज्या स्त्रिया करतात त्या त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. जे पुरुष असं काम करतात ते देतात ८८ मिनिटं. आजारी माणसांचं आणि लेकरांचं करणं यात धरलेलं नाही, त्याची नोंद वेगळी होते. सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास या हिशेबानं बाई पंचवीस दिवसांत भरते. श्रेयांकाचे तीस तास तर आठवडा संपायच्या आत. आणि हे ती जन्मभर करते. याला आपण सेवा म्हणतो, कर्तव्य म्हणतो, माया म्हणतो. काम म्हणत नाही.

हीच गोष्ट घराबाहेरही चालते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. सरकारी कागदावर तिचं नाव ‘आशा स्वयंसेविका’. गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यापासून ते करोनाच्या साथीत घरोघर फिरण्यापर्यंत सगळं तिनं केलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. पण तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. जून २०२१मध्ये, साथ चालू असताना, आपल्या राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झाल्या. तिथल्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगायला २०२२ साल उजाडलं. शब्द एकच आहे, स्वयंसेवा. कॉलेजच्या मुलाला तो लावला की गुण मिळतात. गावच्या बाईला लावला की सरकारचा पगार वाचतो.

माझ्या पहिल्या शिबिरात मुलगे गावचा रस्ता करायला गेले आणि आम्हा मुलींना स्वयंपाकाच्या गटात घातलं. शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते रस्ता करणाऱ्यांचा सत्कार झाला. आम्ही तेव्हा सत्कारासाठी पोहे करत होतो. आता तसं राहिलेलं नाही असं प्राध्यापक सांगतात. तुमच्या भागात शिबिर असेल तेव्हा पहाटे पाच वाजता शेगडीपाशी कोण आहे, एवढं जाऊन पाहून या.

म्हणून मला वाटतं, ज्या मुलांना सेवेसाठी गुण मिळणार आहेत त्यांना आधी हा प्रश्न पडला पाहिजे: कुणाचे तास मोजले जातात, कुणाचे नाहीत, आणि का? हा प्रश्न न पडता भरलेले तास म्हणजे रस्ता झाडून घेणं. रस्ता तर वस्तीतल्या बायका रोजच झाडतात.

विद्यापीठाजवळ देण्यासारखं झाडूपेक्षा मोलाचं काही आहे. आपल्या चळवळीनं ते पाहिलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. कायद्याचं अध्यापन करणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, तो निकाल वाचला आणि १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८०च्या ८ मार्चला त्या पत्रामागे बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राला किती तास लागले याची नोंद कुठल्याही तक्त्यात नसेल. निकाल बारकाईनं वाचणं हे तर त्यांचं नेहमीचंच काम होतं. या वेळी ते काम त्यांनी मथुरेच्या बाजूला उभं राहून केलं. कायदा शिकणारी मुलगी पोटगीचा अर्ज लिहायला शिकली, हिशेब शिकणारा मुलगा मानधनाचा हिशेब मांडायला शिकला, तर तो त्याच वाटेवरचा मुलगा आहे, ती त्याच वाटेवरची मुलगी आहे.

यासाठी आपण काय करू शकतो? विद्यापीठाचे नियम आपल्या हातात नाहीत, पण सही आपल्या हातात आहे. आमच्या गटानं बराच वाद घालून काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे घाऊक मुलं घ्यायची नाहीत. ज्यांच्याबरोबर दर आठवड्याला तासभर बसून बोलता येईल तेवढीच घ्यायची. आमच्याकडे ती सहा होतात. बाकीच्यांना नाही म्हणायचं. प्राचार्यांचा फोन आला तरी नाही म्हणायचं.

दुसरं, मारहाण, गर्भपात, आजार, जात यांविषयी दारोदार प्रश्न विचारण्याचं काम विद्यार्थ्यांना द्यायचं नाही. वस्तीतून जी काही माहिती गोळा होईल ती आधी वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवायची. बायकांनी होकार दिला तरच ती कॉलेजात जाईल.

तिसरं, सुरक्षिततेचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या लैंगिक छळविरोधी नियमांत शिबिरं, क्षेत्रभेटी, सहली आणि त्यासाठीचा प्रवास हे सगळं ‘परिसर’ या व्याख्येत येतं. म्हणजे खेड्यातल्या शिबिरात काही घडलं तर कॉलेजच्या अंतर्गत समितीला ‘ते बाहेर घडलं’ असं म्हणता येत नाही. मुलं घेण्याआधी त्या समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन मागून घ्यायचे आणि पहिल्याच दिवशी मुलींच्या हातात द्यायचे. आपल्यालाही यातून सूट नाही. २०१३च्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारी व्यक्तीही धरलेली आहे. आपल्या संस्थेत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हेही मुलींना सांगायचं.

चौथं, कामाची वेळ कॉलेजच्या वेळेत बसवायची आणि जाण्यायेण्याचा खर्च कॉलेजकडे मागायचा. नाहीतर पुन्हा तीच मास्तरांची आणि बँकवाल्यांची मुलं येतील. चहाचे कप, सतरंज्या आणि स्वयंपाक यांच्या पाळ्या लावायच्या, आणि पहिली पाळी मुलग्यांची.

पाचव्या गोष्टीवर आमच्यात सगळ्यात जास्त भांडण झालं. तक्त्यावर आधी बैठकीतल्या बायकांनी सही करायची, मग संस्थेनं. काहीजणींना भीती वाटली की बायका भिडेखातर कुणालाही सही देतील. तसं झालं नाही. पहिल्याच सत्रात त्यांनी एका मुलाचे सहा तास कापले. “तो आला होता खरा, पण सारा वेळ मोबाइलमध्ये बघत होता,” असं एक आजीबाई म्हणाल्या.

आणि ती नात? मी नाही म्हटलं तरी ती टिकून राहिली. आम्ही तिला एक काम सांगितलं. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहायचा. आईचा, वडिलांचा, भावाचा आणि स्वतःचा. पुढच्या बुधवारी तिनं ती वही बैठकीत वाचून दाखवली. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चुका काढायला सुरुवात केली. “रात्री आजी हाक मारते तेव्हा उठतेस ना? ते कुठे लिहिलंस?” “कॉलेजात बसून तिच्या गोळ्यांची आठवण ठेवतेस, ते?” दुरुस्त्या करता करता समासात जागा उरली नाही. मग एकेक जण स्वतःचा दिवस सांगायला लागली आणि ती लिहीत राहिली. चार बुधवार ते चाललं. शेवटच्या बुधवारी मी तिला विचारलं, घरी वही दाखवलीस का? ती म्हणाली, “भावानं वाचली. त्याचे तास कमी लिहिलेत म्हणून भांडला.” बायका इतक्या हसल्या की शेजारच्या गल्लीतून विचारणा झाली. या वेळी ती मुलगीही हसत होती.

आजीच्या शुश्रूषेचा एकही तास आम्ही तिच्या तक्त्यात धरला नाही. ती वही लिहिण्याचे, वाचण्याचे आणि ऐकण्याचे तास धरले. सह्या आधी बायकांनी केल्या, काहींनी अंगठे उठवले, खाली मी सही केली. चुकीच्या तक्त्यांवर केलेल्या माझ्या जुन्या सह्या त्यानं पुसल्या जात नाहीत. उंबऱ्यावरची ती बाई अजून बैठकीला परत आलेली नाही.

तुमच्या गटात कॉलेजची मुलं येत असतील तर तुम्ही त्यांना काय काम देता, काय देत नाही, आणि सही कशाच्या आधारावर करता, हे आम्हाला लिहून कळवा. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.